रश्श्याबरोबरची काकडीची कोशिंबीर: पाणी सुटतं, काय करू?

गच्चीवरची_अनु (धागाकर्ती) | रविवार, रात्री १०:४०

मंडळी, आज चांगलीच फजिती झाली, म्हणून हा धागा.

नवऱ्याच्या ऑफिसातली माणसं आणि आमच्या मजल्यावरची दोन बिऱ्हाडं मिळून बावीस जण जेवायला होते. मटणाचा रस्सा सासूबाईंनी केला. त्या कोल्हापूरच्या, कांदा-लसूण मसाला घरचा, संकेश्वरी मिरचीचा. त्या रश्श्याला नावं ठेवायची कुणाची टाप नाही. माझ्याकडे काम एकच, तोंडाची आग विझवायला काकडीची दह्यातली कोशिंबीर. दोन किलो काकड्या किसल्या, दीड किलो दही फेटून घातलं, मीठ, साखर, वाटलेली हिरवी मिरची, कोथिंबीर, वरून जिऱ्याची फोडणी. साडेअकराला पातेलं तयार. पानं वाढली पावणेदोनला. झाकण काढलं तर वर दोन बोटं पाणी आणि तळाला काकडीचा गाळ. ढवळून वाढली, तर ताटात ओहोळ, तो थेट भाकरीखाली. एका पाहुण्यांनी वाटी तोंडाला लावली आणि म्हणाले, "वहिनी, मठ्ठा फक्कड झालाय." टोमणा असता तर परवडला असता, ते मनापासून म्हणाले.

सासूबाई काहीच बोलल्या नाहीत. ते जास्त लागतं.

पुढच्या महिन्यात दिरांकडे हाच बेत आहे, पस्तीस माणसं, गच्चीवर, म्हणजे फ्रिज नाही. किमान तीन तास टिकेल अशी कोशिंबीर हवी. सांगा.

पेठी_तिखट | रात्री १०:५२

"काकड्या किसल्या" इथेच वाचायचं थांबलो.

पेठी_तिखट | रात्री ११:०५

बरं, पूर्ण वाचलं. ताई, काकडी किसायची नसते, चोचवायची असते. साल काढलेली काकडी डाव्या हातात उभी धरा. सुरीने तिच्या डोक्यावर उभ्या-आडव्या चिरा देत जा, टक टक टक, काकडी फिरवत, बोटाच्या पेराएवढ्या खोल. मग तेवढ्या भागाची आडवी पातळ चकती कापली की खाली परातीत बारीक तुकड्यांचा सडा पडतो. पुन्हा चिरा, पुन्हा चकती. आमची आजी विळीवर बसून गप्पा मारता मारता चार काकड्या चोचवायची आणि बोटाला ओरखडा नाही. तुकडा तुकडाच राहतो, दाताखाली येतो. किसणी काकडीचा लगदा करते, मग पाणी सुटणार नाहीतर काय होणार?

आणि एक. खमंग काकडीत दही नसतं. लिंबू, दाण्याचं कूट, ओलं खोबरं, तुपाची फोडणी. विषय संपला.

गच्चीवरची_अनु | रात्री ११:११

मी खमंग काकडी म्हटलेलंच नाहीये हो काका. दह्यातली कोशिंबीर म्हटलंय.

सांगलीचा_सदा | रात्री ११:२०

सोपं आहे. मीठ शेवटी. पानं मांडली, माणसं हात धुवायला उठली, की मीठ घालायचं. आमच्याकडे लग्नाच्या पंगतीतसुद्धा आचारी काकडी वेगळ्या घमेल्यात आणि दही वेगळ्या पातेल्यात ठेवतो. पंगत बसली की एकत्र. एवढ्याशा गोष्टीचा धागा?

तवसं | सोमवार, सकाळी ७:३०

सदाभाऊ, पहिल्या पंगतीला ठीक आहे. बुफेला काय कराल? टेबलावर पातेलं दीड-दोन तास उघडं असतं. मीठ शेवटी घातलं तरी ते काम करायला लागतंच, फक्त उशिरा लागतं. शेवटच्या दहा माणसांना पाणीच.

माझी पद्धत उलटी आहे. मीठ आधी लावायचं, वीस मिनिटं ठेवायचं आणि काकडी घट्ट पिळून घ्यायची. जे पाणी जायचं ते आधीच जाऊ दे. आमच्या रत्नागिरीकडे पावसाळ्यात तवशी येतात, हातभर लांब, पिकली की पिवळीधमक. त्यांना तर इतकं पाणी की न पिळता काही करताच येत नाही. पाणी फेकत मात्र नाही, धोंडसात नाहीतर घावनाच्या पिठात जातं.

पेठी_तिखट | सकाळी ८:०२

पिळलेली काकडी म्हणजे चिंध्या. चव सगळी त्या पाण्यात गेलेली असते. मग दह्यात घालून काय खाता, दोरा?

तवसं | सकाळी ८:०९

पुण्यातल्या काकडीला मुळात चव असते का?

नापास_बीएस्सी | सकाळी ९:४५

भांडण सुरू झालंच आहे तर थोडं शास्त्र. काकडीत वजनाच्या साधारण ९५ टक्के पाणी असतं, म्हणजे ती पाण्याची पिशवीच. प्रत्येक पेशीभोवती पातळ पडदा असतो. बाहेर मीठ जास्त झालं की आतलं पाणी पडद्यातून बाहेर येतं. शाळेत बेदाण्याचा प्रयोग करून परासरण शिकलो होतो, तेच, फक्त उलट दिशेने. किसणीने पेशी फाटतात, त्यामुळे मीठ नसतानाच निम्मं काम होऊन जातं. चोचवताना कापलेल्या कडेच्या पेशी तेवढ्या फुटतात, आतल्या शाबूत राहतात. त्यामुळे पेठीकाकांचं म्हणणं बरोबर आहे (हे मी परत लिहिणार नाही).

लोक विसरतात ते दोन मुद्दे. एक, साखरही पाणी ओढते. मीठ शेवटी घालून साखर आधी घातली तर उपयोग अर्धाच. दोन, सगळं पाणी काकडीचं नसतं. दही फेटलं की त्याची जाळी तुटते आणि दह्याचं स्वतःचं पाणी वेगळं होतं. अनुताईंनी दीड किलो दही फेटून घातलं होतं. त्या दोन बोटांतलं बरंचसं दह्याचंच असणार.

आता दही आगीवर का चालतं तेही सांगतो. मिरचीतलं कॅप्सायसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे तिखट लागल्यावर पाणी पिऊन ते तोंडभर पसरतं एवढंच. स्निग्ध पदार्थात मात्र ते विरघळतं, आणि दूध-दह्यातलं केसीन हे प्रथिन त्याला धरून जिभेवरून उचलून नेतं. जिभेवर ज्या ग्राहकाला (म्हणजे संवेदना टिपणाऱ्या प्रथिनाला, रिसेप्टरला) ते चिकटतं त्याचं नाव टीआरपीव्ही१. डेव्हिड ज्यूलियस यांच्या प्रयोगशाळेने तो १९९७ साली शोधला, त्यांना २०२१ चं वैद्यकातलं नोबेल विभागून मिळालं. गंमत अशी की हाच ग्राहक साधारण ४३ अंशांच्या वरच्या उष्णतेनेही उघडतो. म्हणजे "तोंड भाजलं" असं आपण म्हणतो तेव्हा मेंदूला खरोखर तोच निरोप गेलेला असतो. म्हणून उकळता रस्सा जास्त झोंबतो आणि त्यावर दही गार असेल तर दुप्पट बरं वाटतं. पुदिन्याचा गारवा मात्र वेगळ्याच ग्राहकावर चालतो, थंडी ओळखणाऱ्या. तिथे प्रत्यक्षात काही गार होत नाही, नुसता भास.

तेव्हा ताई, कोशिंबीर गच्चीवर नेताना पातेलं बर्फाच्या परातीत ठेवा. टिकेलही आणि कामही करेल.

सांगलीचा_सदा | सकाळी १०:१०

एवढं वाचेपर्यंत माझ्या काकडीला पाणी सुटलं.

ऑरेंजसिटी | सकाळी १०:३०

हहपुवा 😄

अवांतर: आमच्या नागपुरात सावजी मटणाबरोबर दही-काकडी मागा, वाढणारा तुमच्याकडे असा पाहतो की तुम्ही आजारी आहात. कांदा, लिंबू, पोळी, बस्स. नाक वाहिलं नाही तर पैसे वाया गेले.

माडाखाली | दुपारी १:१५

गोव्याहून लिहितेय. आमच्याकडे मुळात हा प्रश्नच येत नाही, कारण मासळीच्या ताटात दही घेत नाहीत. तिखट हुमणाबरोबर सोलकढी, नारळाच्या रसाची. आगीवर तीही चालते, तिच्यातही स्निग्धपणा आहेच. लहानपणी विचारलं होतं की दही का नाही, तर आजी म्हणाली "कोड येतं". पुढे डॉक्टर झालेल्या मावशीने हसून सांगितलं की तसं काही होत नाही, तरी तीही मासळीवर दही घेत नाही!

आणि "रायतं" या शब्दाबद्दल राहवत नाही म्हणून. हॉटेलात दह्यात काकडी-कांदा घातला की रायतं म्हणतात. मूळ शब्दात राई आहे. मोहरी फेसून घातली तरच ते रायतं. मराठीत उकडांब्याचं रायतं म्हणतात त्यात फेसलेली मोहरी असतेच. आमचं आंब्याचं सासव त्याच कुळातलं, कोकणीत सासव म्हणजेच मोहरी. खाली केरळात ओणमच्या सद्येत काकडीची किच्चडी असते, तिच्यातही नारळ आणि मोहरीचं वाटण दह्यात जातं. कधी करून बघा. पाव चमचा मोहरी थोड्या खोबऱ्याबरोबर वाटायची, जास्त वाटली तर कडवट होते. दह्याला असा नाकात जाणारा झणका येतो की जिऱ्याची फोडणी मिळमिळीत वाटेल.

वैद्यबुवांचा_नातू | दुपारी २:००

दही आणि रात्र यावर अजून कुणी कसं बोललं नाही याचं आश्चर्य वाटतंय. अनुताई, दिरांकडचा बेत रात्रीचा असेल तर जपून. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात दही रात्री खाऊ नये असं स्पष्ट आहे. गरम करून खाऊ नये असंही आहे. आणि तूप, साखर, मुगाचं कढण, मध, आवळा यांपैकी कशाची तरी जोड असल्याशिवाय खाऊ नये.

पेठी_तिखट | दुपारी २:२०

म्हणजे कोशिंबिरीत साखर आणि तुपाची फोडणी घालणाऱ्या बायकांनी चरक वाचला होता तर. आणि वरून साखरेवर नाकं मुरडणारे वऱ्हाडी...

ऑरेंजसिटी | दुपारी २:२४

आम्ही साखर चहात घालतो काका. तिची जागा तिथेच आहे.

लेस्टरवाली | दुपारी ३:५०

इंग्लंडात पंधरा वर्षं झाली. इथल्या करी हाउसांत पापड आले की बरोबर तीन-चार वाट्यांचं तबक येतं, आंब्याची गोड चटणी, कांदा, लोणचं आणि एका वाटीत हिरवट पांढरं दही. बऱ्याच ठिकाणी ते म्हणजे दह्यात बाटलीतला मिंट सॉस ढवळलेला असतो. इथे लोक तो लँबच्या रोस्टबरोबर खातात, पुदिना आणि व्हिनेगर. पहिल्यांदा खाल्लं तेव्हा वाटलं दही बिघडलंय. आता, कबूल करते, पापडाबरोबर आवडतं.

कामाचं सांगते. इथली काकडी लांबलचक, प्लॅस्टिकच्या घट्ट वेष्टनात, आणि मध्यभागी बुळबुळीत गर. मी ती उभी चिरून चमच्याने मधला गर खरवडून काढते. निम्मा प्रश्न तिथेच सुटतो. पुण्यातही जून काकडीला हे करून बघा. शेजारी इराणी बाई आहेत, त्या "मास्त-ओ-खियार" करतात, म्हणजे दही आणि काकडीच. त्यात पुदिना, अक्रोड, बेदाणे आणि वर वाळलेल्या गुलाबपाकळ्या. ग्रीक लोकांचं त्झात्झिकी, लसूण आणि ऑलिव्ह तेल घातलेलं, तेही तसंच. पण त्यांचं दही मुळात गाळलेलं असतं, चक्क्याच्या अलीकडचं. कोशिंबीर टिकते ती त्यामुळे.

फक्त डब्यावर "ग्रीक स्टाइल" लिहिलेलं असेल तर मागचं वाचा. काही गाळलेली नसतात, घट्ट करायला काहीतरी घातलेलं असतं.

शेंगाचटणी | संध्याकाळी ५:४०

सगळा धागा वाचला आणि गंमत वाटली. पाणी काढायचं कसं यावर एवढी चर्चा, पण पाणी पिऊन टाकणारी वस्तू प्रत्येकाच्या डब्यात आहे. दाण्याचं कूट! पेठीकाकांनी नाव घेतलं आणि पुढे गेले.

आमच्या सोलापुरात काकडी असो, वाळूक असो, कूट असतंच. ते चवीसाठी आहे असं सगळ्यांना वाटतं. ते पाणी धरून ठेवतं. फक्त कूट फार बारीक नको, त्याला तेल सुटलं की लगदा होतो. दाणे खमंग भाजून, पूर्ण गार करून, सालं पाखडून, खलबत्त्यात जाडसर कुटायचे. मिक्सरमध्ये केलंत तर एकदम फिरवत ठेवू नका, थांबत थांबत. काकडीला आधी कूट चोळून घ्यायचं, मग दही. दह्यात कूट टाकलं तर ते दह्याचं पाणी पितं आणि काकडीचं तसंच राहतं.

पाहुण्यांत कुणाला शेंगदाणे चालत नसतील तर पंढरपुरी डाळ्याचं पीठ घाला, चव वेगळी पण काम तेच.

तवसं | संध्याकाळी ६:००

कूट चोळायचा मुद्दा पटला. कधी सुचलं नव्हतं.

गच्चीवरची_अनु | बुधवार, रात्री ९:३०

इतकं सगळं वाचून गप्प बसवेना. काल दुपारी चार वाट्या मांडल्या. प्रत्येकीत पाव किलो काकडी आणि दोनशे ग्रॅम दही, स्वयंपाकाच्या ओट्यावर दोन तास. मुलगी म्हणाली, "आई, हे काय, विज्ञान प्रदर्शन?"

पहिली माझी मूळची, किसून, मीठ-साखर लगेच. दोन तासांनी वाटी कलती करून निथळलं, साधारण अर्धी वाटी पाणी. दुसरी चोचवलेली, बाकी सगळं तसंच. पाव वाटीच्या आसपास. निव्वळ सुरी बदलून एवढा फरक पडेल असं वाटलं नव्हतं. पेठीकाका, मान्य. (डावा अंगठा बांधलेला आहे, तुमच्या आजींना नमस्कार सांगा.)

तिसरी तवसंताईंची, किसून, मीठ लावून, वीस मिनिटांनी पिळून, त्यात टांगलेलं दही. पिळतानाच अर्ध्या वाटीहून जास्त पाणी निघालं. नंतर मात्र दोन तासांत चमचाभरही नाही. टिकाऊपणात पहिला नंबर. पण खाताना काकडी आहे हे आठवून आठवून खावं लागलं. रागावू नका.

चौथीत सगळ्यांचं थोडं थोडं. चोचवलेली काकडी, मधला गर काढून, मीठ लावून वीस मिनिटं चाळणीत नुसती निथळली, पिळली नाही. मग जाडसर कूट चोळलं. दही दोन तास फडक्यात टांगलेलं, चक्का होईपर्यंत नाही, किलोभर दह्यातून पाव लिटरभर पाणी गेलं तेवढंच. साखर वाढायच्या आधी. दोन तासांनी कडेला चमचा-दीड चमचा पाणी, ढवळलं की गायब. आणि काकडी कुरकुरीत!

सासूबाईंना चारी वाट्या न सांगता दिल्या. त्यांनी चौथी संपवली आणि दुसरीत बोट घालून म्हणाल्या, "यात मीठ कमी आहे." मीठ सगळ्यांत सारखंच होतं. निथळताना थोडं जातं, तर चौथीत कमी लागायला हवं होतं. कुणाला कळलं तर सांगा.

नापास_बीएस्सी | रात्री ९:५५

दुसरीत सुटलेलं पाणी दह्यात मिसळलं, सगळी चवच पातळ झाली. चौथीत पाणी कमी, म्हणून आहे ते मीठ ठळक लागतं. किंवा सासूबाईंना काहीतरी म्हणायचंच होतं. मापून केलंत याबद्दल मात्र साष्टांग.

माडाखाली | रात्री १०:१५

एक राहिलं. पस्तीस माणसांना काकड्या घेताना प्रत्येक काकडीचा देठाकडचा तुकडा चाखून बघा. टोक कापून घासून फेस काढला की कडूपणा जातो म्हणतात, पण त्याचा भरवसा धरू नका. कडूपणा देठाकडे जास्त असतो, म्हणून तेवढं टोक जाडसर कापून टाकलं की बऱ्याचदा भागतं. आतपर्यंत कडू असेल तर अख्खी काकडी फेका, वाचवायच्या भानगडीत पडू नका. मी एकदा न चाखता एक कडू काकडी घातली होती आणि चार किलोचं पातेलं गाईलाही देता आलं नाही.

गच्चीवरची_अनु | तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री ११:२०

अहवाल देते. ज्यांना प्रमाण हवं होतं त्यांच्यासाठी, पस्तीस माणसांना तीन किलो काकडी, दोन किलो दही टांगून दीड किलो झालेलं, तीनशे ग्रॅम कूट, चहाचे चार सपाट चमचे मीठ निथळताना, साखर तीन चमचे, आठ हिरव्या मिरच्या, कोथिंबीर. चाखून सोळा काकड्यांतली एक कडू निघाली, माडाखालीताई, देव तुमचं भलं करो. पातेलं बर्फाच्या परातीत. साडेबाराला कालवली, शेवटचं पान साडेतीनला उठलं. ओहोळ नाही, भाकरी कोरडी. मागच्या वेळचे ते मठ्ठावाले पाहुणेही होते, त्यांनी दोनदा घेतली आणि विचारलं, "आज मठ्ठा नाही का?"

पण एक घोटाळा झालाच. फोडणी मी पळीत करून गार व्हायला बाजूला ठेवली होती. दीर उत्साही. "वहिनी, ही गार झाली" म्हणून पळी परत गॅसवर धरली आणि धुरावलेलं तूप थेट दह्यावर ओतलं. चर्र आवाज आला, सगळ्यांनी वा वा केलं. मी बघतेय तर पडलं तिथे दही फाटून पिवळट कण झालेले. डावाने तेवढा भाग उचलून काढला. जिरं अर्धं गेलं.

शेंगाचटणी | रात्री ११:४०

फोडणी पुढच्या वेळी कुटावर घाला, दही घालायच्या आधी. काकडी, कूट, त्यावर गरम फोडणी, हलवून घ्यायचं, गार झालं की दही. कूटही खमंग होतं आणि दिरांना चर्र आवाजही मिळतो.

तवसं | सोमवार, सकाळी ७:१५

निथळलेल्या पाण्याचं काय केलंत?

गच्चीवरची_अनु | सकाळी ८:०५

थालीपिठाची भाजणी भिजवली. पाणी आधीच खारट आहे हे विसरून वर मीठही घातलं. आत्ता सगळे तेच खातायत, टांगलेल्या दह्यातलं उरलेलं लावून.

पेठी_तिखट | सकाळी ८:३०

कूट आलं, वर फोडणी आली. आता त्यातलं दही तेवढं काढा.